दोन मिनिटांची उशी

जेवणाची सुट्टी झाली आणि उशांच्या कारखान्यातली निम्मी माणसं जुन्या उशीवर झोपली, निम्मी नव्या उशीवर. कुणाला कुठली, ते चिठ्ठी टाकून ठरलं होतं. अभ्रे सारखेच, फक्त नव्या उशीच्या शिवणीत आतून हिरवा दोरा. ही खूण दोघांनाच ठाऊक होती: नवी उशी घडवणारे कापूसराव आणि प्रत्येकाची झोप मोजणारी त्यांची बायको, जिला अख्खा कारखाना सरासरीबाई म्हणायचा.

नव्या उशीवरची माणसं सरासरी सात मिनिटं जास्त झोपली. कापूसरावांचे पाय जमिनीला लागेनात.

"फरक लक्षणीय नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे फरक नाहीच," मालक म्हणाले. "नवी उशी बंद."

"नाही असं कुठं म्हटलं मी? माणसं थोडी. कुणी तासभर घोरलं, कुणाचा डोळाच लागला नाही. अशात सात मिनिटांचा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. नव्या गटात तो पॅकिंगवाला होता. तो उभ्यानं झोपतो."

(इथे पॅकिंगवाल्यानं कूस बदलली.)

घरी कापूसराव भिंतीकडे तोंड करून बसले.

"तू माझी बायको आहेस की आकड्यांची?"

"तुमचीच. आकडे रुसत नाहीत."

"वर्षभर राबलोय त्या उशीवर. आता पुन्हा जुन्या उशीसाठी फोम कापत बसू?"

"अहो, मग माणसं वाढवा. फरक खरा असेल तर गर्दीतही टिकेल."

कापूसरावांनी मालकांकडून थोडी मुदत मागून घेतली आणि माणसं वाढवली. आधी शिवणवाल्या झोपल्या, मग हिशेबनीस. मग शेजारचा छापखाना आला, त्याच्या पलीकडचा दवाखाना आला, डॉक्टरांसकट. रोज नवी माणसं, रोज नव्या चिठ्ठ्या. दुपार झाली की रस्ता हळूहळू विरघळायचा. दुकानांची दारं उघडी, आत कुणी नाही. सिग्नल लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, आपल्याशीच. एवढ्या लोकांचा श्वास एका लयीत चालायचा, आणि कारखाना पाण्यावर सोडलेल्या होडीसारखा

(पुढचं वाक्य झोपलं.)

उशांची गाडी भरायला माणूस उरला नाही, तेव्हा मालक तणतणत आले.

"हा काय पोरखेळ? आत्ताच्या आत्ता सगळ्यांना उठवा, नाहीतर मी..."

बोलता बोलता ते टेकायला म्हणून गादीवर बसले. नाहीतर ते काय करणार होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"यांना कुठल्या गटात घेऊ?" कापूसराव कुजबुजले.

"चिठ्ठी काढा," बाई म्हणाल्या. "मालक म्हणून वेगळा न्याय नाही."

शेवटी एक दिवस बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "लक्षणीय आहे."

कापूसरावांनी डोळे मिटून घेतले. मालकांनी मात्र उघडले.

"फरक केवढा?"

"दोन मिनिटं."

"सात होती ना?"

"पाच योगायोगाची होती. ही दोन खरी वाटतात."

"दोन मिनिटांत माणूस फार तर एकदा घोरतो. त्यासाठी नवं यंत्र घेऊ?"

"ते तुम्ही ठरवा. लक्षणीय म्हणजे मोठा नव्हे. नुसत्या योगायोगानं एवढा फरक सहसा पडत नाही, इतकंच."

मालकांनी ठरवलं. नवी उशी बंद झाली, पुराव्यानिशी.

कापूसराव बराच वेळ कारखान्याच्या अंगणात उभे राहिले. बायकोला चार शब्द सुनावायचे ठरवून आत आले, तर गाद्यांच्या ओळीत ती एकटी झोपली होती. इतके दिवस दुसऱ्यांची झोप मोजणारी, स्वतः दुपारी कधी पाठ न टेकणारी. तोंड किंचित उघडं. बोटांवर पेन्सिलीची काजळी. कापूसरावांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. खिडकीतलं ऊन तिच्या पायांपासून खांद्यापर्यंत चढलं, तरी ते तसेच बसून राहिले.

ती उठली तेव्हा आपण कुठे आहोत, हे तिला पटकन कळेना.

"काय गाढ झोप लागली हो," ती म्हणाली. "ही तुमची उशी. पैजेवर सांगते."

"एकाच झोपेवरून सांगतेस? तूच म्हणतेस ना, एकाची सरासरी नसते."

"आकडे गेले उडत. बघा ना दोरा."

कापूसरावांनी उशी उचलली, पाठमोरे होऊन अभ्रा सारला. आतली शिवण पांढरी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी.

त्यांनी अभ्रा नीट ओढून घेतला आणि उशी पुन्हा तिच्या डोक्याखाली सरकवली.

"झोप अजून जरा," ते म्हणाले. "फरक लक्षणीय नाही."