दोन नाती आणि एक वाघर

आमच्या शेजारचे बिरूआप्पा आपल्या दोन नातींना वाघरीत ठेवतात. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची दोऱ्यांची जाळी. शिरूरच्या बाजारात हल्ली लहान मुलांसाठी प्लॅस्टिकची रंगीत कुंपणं मिळतात, सशाबिशांची चित्रं असलेली. आप्पांच्या मुलानं, दत्तानं, तसलं एक आणलंही होतं. आप्पांनी ते एका बोटानं ढकललं, ते आडवं झालं. "लांडगा लांब ऱ्हायला, हे बोक्याला बी आडवायचं न्हाई," म्हणाले, आणि माळ्यावरची जुनी वाघर काढून, धुऊन, उन्हात वाळवून अंगणात लिंबाखाली ठोकली. मेंढरं विकून कैक वर्षं झाली होती. वाघर मात्र त्यांनी कुणाला दिली नव्हती.

माझं शिवणयंत्र खिडकीपाशी आहे आणि खिडकी आप्पांच्या अंगणावर उघडते. तेव्हा मी बघत नाही, मला दिसतं. दत्ता आणि त्याची बायको जयश्री, दोघंही रांजणगावला कंपनीत. तो पहिल्या शिफ्टच्या बसनं जातो आणि दुपारी चारपर्यंत येतो, ती सकाळी स्कूटीवर जाते आणि दिवेलागणीला येते. आप्पांच्या मालकीण वारल्या. म्हणजे दिवसभर घरात आप्पा आणि दोन पोरी. "काकू, जरा लक्ष असू द्या," असं जयश्रीनं एकदा सांगितलं आणि माझ्या बघण्याला सरकारी मान्यता मिळाली.

पोरी जुळ्या. नावं स्वरांगी आणि शिवांगी, पण आप्पांच्या तोंडी थोरली आणि धाकली. दिसायला इतक्या सारख्या की सुरुवातीला एकदा थोरलीनं दोनदा खिमट खाल्लं आणि उपाशी धाकलीनं आळी डोक्यावर घेतली. आप्पांनी त्यावर उपाय शोधला. संध्याकाळी जयश्रीनं आंघोळीला म्हणून धाकलीचं झबलं काढलं आणि अशी किंकाळी फोडली की मी ब्लाऊज सुईखाली तसाच टाकून धावले. बघते तर पोरीच्या पाठीवर लालभडक पट्टा.

"आगं, गेरू हाय त्यो, त्यालात कालवून लावलाय!" आप्पा म्हणाले. "कळपात खूण नगं का?"

"आप्पा, दोघींचा कुठं कळप असतो का?" जयश्री रडकुंडीला आली होती. तेलातला गेरू झबल्यांना लागला तो काही केल्या निघेना. पुढचे काही दिवस ती सासऱ्याशी भाकरी वाढण्यापुरतंच बोलली.

आप्पांना याचं काही वाटलं असेल तर ते दिसलं नाही. दर संध्याकाळी दिवा लागायच्या आत ते नाती मोजत. एक, दोन. मग पुन्हा एकदा, एक, दोन. मी एकदा हसले. "अहो आप्पा, दोनच तर आहेत!"

"शंभरातलं एक गेलं तर नव्व्याण्णव ऱ्हात्यात, ताई. हितं दोनातलं एक गेलं तर काय ऱ्हायलं?"

मी माझं हसू गिळलं आणि दोरा ओवत बसले.

त्यांचं सगळंच असं. डायपरला ते पोतं म्हणत. "पोरीच्या कमरंला पोतं बांधून तिला चाल म्हनायचं, व्हय?" जयश्री मोबाईलवर कार्टून लावून, हातात वाटी घेऊन पोरींमागे घरभर फिरायची. आप्पा जागचे हलत नसत. "चारा घिऊन मेंढरामागं कोन पळतं का? बसायचं. भूक लागली की येत्यात." दुधात कुस्करलेली भाकरी पुढ्यात ठेवून ते वाघरीत मांडी ठोकून बसत, आणि खोटं का सांगू, पोरी रांगत येत आणि चिमणीसारखी तोंडं उघडत. मी माझ्या मुलांना भरवताना केलेली नाटकं आठवून मला आप्पांचा रागच यायचा.

आखाडात थोरली चालायला लागली. धाकली मात्र बूड जमिनीवरून उचलेना. गणपती आले, गेले. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाल्या, काही खोट नाही, काही मुलं उशिरा चालतात, चालेल. पण जयश्रीच्या माहेरी, दौंडला, तिची आई काही ऐकेना. रोज फोन. पोरगी दिवसभर जाळीत कोंडलेली, चालणार कशी? इकडं आणून सोड दोघींना, आमच्या घरामागंच पाळणाघर आहे. शेवटी जयश्रीनं ठरवलं: धाकली दसऱ्यापर्यंत चालली तर ठीक, नाहीतर दसऱ्यानंतर दोघी दौंडला. दत्ता मान खाली घालून हो म्हणाला.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा मी तिथंच होते, मोजमाप घ्यायला गेलेली. आप्पा एवढंच म्हणाले, "घाई न्हाई. पर माघार बी न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे चालवलं ते बघून माझा जीव वरखाली व्हायचा. धाकलीला वाघरीच्या खुंटीशी धरून उभी करायची, आपण चार हात लांब जमिनीवर बसायचं आणि जिभेनं टक्‌ टक्‌ आवाज करत बोलवायचं. ती मटकन खाली बसायची आणि रांगत यायची. हा गडी तिला उचलून पुन्हा खुंटीशी. गुडघे धरून उठायचे, कण्हायचे, पुन्हा बसायचे. धोतर मातीनं भरलेलं. जयश्रीनं आणलेल्या वॉकरमध्ये त्यांनी कांदे भरून ठेवले होते.

एक दिवस मला राहवलं नाही. खिडकीतून ओरडले, "अहो, पोरीला बोट तरी द्या की! काय दगडाचं काळीज आहे का तुमचं?"

"बोट दिलं तर बोटावर चालंल, ताई. भुईवर कवा चालंल?"

मी खिडकी लावून घेतली. गरम व्हायला लागलं म्हणून पुन्हा उघडली.

घटस्थापना झाली आणि एका दुपारी ते घडलं. मी काजं करत होते. धाकली खुंटीला धरून उभी होती. आप्पा बोलवून बोलवून थकले होते आणि नुसतेच बसले होते. तिनं खुंटी सोडली, क्षणभर डुलली, आणि तुरुतुरु चालत येऊन आप्पांच्या छातीवर आपटली.

मी नाचलेच. फोन घेऊन त्यांच्या अंगणात पळाले. "थांबा, जयश्रीला सांगते! आता बघू कोण नेतं दौंडला!"

"फोन ठिवा," आप्पा म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "कुनाला बोलायचं न्हाई."

"अहो, पण याच्यावरच तर..."

"थोरली चालली तवा बी मीच एकटा हुतो. आनंदानं सांगितलं दत्ताला. 'हां का?' म्हनला आन् हात धुवाया मोरीत गेला. लई येळ हात धूत हुता, ताई." धाकली त्यांच्या मिशा ओढत होती, त्यांनी ओढू दिल्या. "दत्ता चालाया लागला तवा मी मेंढरं घिऊन कोकनात. पोर ल्हान म्हनून त्याच्या आईला घरी ठिवली हुती. पावसाच्या तोंडाला माघारी आलो तर पोरगं दारात उभं. मी हात पुढं केला तर मला बघून आत पळालं. मी बघितलं त्ये पळनंच बघितलं. चालनं कुठं बघितलं?"

माझ्या हातातला फोन मी पदराआड केला.

मग सुरू झाली खरी तारांबळ. इतके दिवस जिला चालवायला जिवाचं रान केलं, तिला आता चालू द्यायचं नव्हतं! धाकलीला चालण्याची गोडी लागलेली. ती खाली उतरायला हातपाय झाडू लागली. आप्पांनी तिला नवं कोकरू घ्यावं तसं खांद्यावर टाकलं आणि दुपारभर अंगणात फेऱ्या मारल्या. ती बोंबलत होती, थोरली धोतराला लोंबकळत होती, आणि आप्पा म्हणत होते, "दम धर गं माझी बाय, बाप येऊ दे." चारला दत्ता आला. त्यानं पोरीला घ्यायला हात पुढे केले, तर आप्पांनी पाठ फिरवली. "जयश्रीला येऊ दे." दत्तानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

जयश्री आली. हेल्मेटही काढू न देता आप्पांनी तिला दत्ताशेजारी पायरीवर बसवलं आणि धाकलीला समोर लिंबाला टेकवून उभी केली. आणि ती बया खाली बसून माती खायला लागली.

"आप्पा, हे काय चाललंय?" जयश्री म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दौंड. तिनं हेल्मेट काढून तो उचलला. "हो आई, ठरल्याप्रमाणंच. दसरा झाला की..."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. त्या वेळी मी ओठ कसे मिटून धरले ते माझं मला माहीत.

आणि धाकली उठली. लिंबाला हात लावून उभी राहिली, बापाकडे बघून हसली आणि निघाली. दत्ता पायरीवरून सरकून गुडघ्यांवर आला. ती त्याच्या गळ्यात पडली, आणि तो मोठा बाप्या तिच्या झबल्यात तोंड खुपसून हुंदके देऊ लागला.

"आरं तिच्या! चालली की!" आप्पा ओरडले. इतकं वाईट सोंग मी गावच्या तमाशातही पाहिलं नाही.

"आई, चालली!" जयश्री फोनमध्ये ओरडत होती. "माझ्यासमोर, आत्ता! नाही गं, दसऱ्याला येऊ ना सोनं द्यायला. पण पोरी आमच्याबरोबर परत येतील. नाही, ठरलं म्हणजे ठरलं." फोन ठेवून तिनं आप्पांच्या पायांवर डोकं टेकलं. आप्पा अवघडून उभे राहिले.

दत्तानं डोळे पुसले. हसत म्हणाला, "आप्पा, मी पहिल्यांदा चाललो तेव्हा कुणाकडं चाललो होतो हो?"

मला वाटलं, आप्पा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्यांनी तसं केलं नाही.

"ठावं न्हाई रं. मी न्हवतो."

दत्ता धाकलीला कडेवर घेऊन उठला आणि लिंबापाशी जाऊन तिला तिथं उभी केली. "आप्पा," तो म्हणाला, "असं पायरीवर बसा. हात पुढं करा."

आप्पा बसले. हात पुढे केले. हे मला खिडकीतून नाही, अगदी जवळून दिसलं.

"जा गं," दत्ता पोरीला म्हणाला, "आप्पाकडं जा." आणि ती गेली.