हबीबभाऊ आणि साठचा आकडा

हबीबभाऊ फोटो काढण्याआधी माणसाच्या नाकाला सुतळी लावतात. सुतळीचं एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसरं तुमच्या नाकावर, मध्ये गाठी. फ्लॅशपासून नाकापर्यंत किती गाठी भरल्या ते मोजायचं, त्यावरून भिंग किती उघडं ठेवायचं ते ठरवायचं, मग सुतळी खिशात कोंबून ओरडायचं, "हलू नोको! हलला त पुन्हा नाक द्या लागन!"

नवरदेव असो की ठाणेदार, नाक द्यावंच लागे.

चंद्रपुरात किल्ल्याच्या भिंतीच्या आत आमच्या गल्लीत त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे. वय सत्तर. बायको वारली, मुलगी हैदराबादला. तरुणपणी धानोऱ्यापासून आलापल्लीपर्यंत त्यांनी शेकडो लग्नं लावली, म्हणजे फ्लॅशच्या उजेडात. कॅमेरा तेव्हाचाच, रोलवाला, अर्ध्या विटेच्या वजनाचा. फ्लॅशही तेव्हाचाच. तो चीं करत भरत जातो, मग त्याचा लाल दिवा लागतो. तो लागला तरी हबीबभाऊ आणखी पाच आकडे मोजतात. तोवर माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू शिळं होऊन जातं, आणि मग ते चिडतात, "हस ना बे! मयतीत आला का?"

चिडणं हा त्यांचा मूळ धंदा होता, फोटो जोडधंदा. दारासमोर गाडी लावणाऱ्या दूधवाल्यावर चिडत, रोल महिनाभर येत नाही म्हणून पोस्टावर चिडत. सगळ्यात जास्त चिडत ते मोबाईलवाल्यांवर. एका कोजागिरीला गल्लीतला कोणी गच्चीवरून चंद्राचा फोटो काढत होता, फ्लॅश मारून. हबीबभाऊ खालून गरजले, "चांदाले उजेड देऊन राह्यला! त्याले कमी पडला का बे? उजेड मोजून द्या लागते, मोजून!"

हे "उजेड मोजून द्या लागते" आम्ही दिवसातून चारदा ऐकायचो. दुसरं वाक्य होतं, "साठच्या वर नाई." कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती असते, तिच्यावर वेगाचे आकडे. फ्लॅश लावला की चकती साठवर हवी. त्याच्या पुढे नेली तर फ्लॅश चमकेपर्यंत आतला पडदा मिटायला लागतो आणि फोटो अर्धा काळा येतो. हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलं होतं, की शाळेत सहाचा पाढा शिकवताना साठ आला की मला हबीबभाऊ दिसायचे.

हे सांगणं गरजेचं आहे. कारण 'मला माहीत नव्हतं' असं मी दीड वर्ष स्वतःला सांगत आलो. माहीत होतं.

माझ्या मुलीचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरीच होता. हबीबभाऊंनी आधीच बजावलं होतं, "पोरीचे फोटो मी काढीन. दुसरा कोणी कॅमेरा घेऊन आला त तंगडी तोडीन." पाहुणे बसले, मुलगा-मुलगी पाटावर बसली, सुतळी निघाली. मुलाच्या बापाचं नाक मोजून झालं, माझं मोजताना मला शिंक आली.

"हलला! मास्तर असून हलला! पोरायले काय शिकवत असन हा, उठाबशा?"

व्याही खदखदून हसले. त्यांच्याकडचे सगळेच हसले. पंचवीस वर्षं मी ह्या माणसाचं ओरडणं भिंतीपलीकडून, दारातून, रस्त्यावर ऐकत आलो होतो, कधी एक शब्द उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी नव्या सोयऱ्यांसमोर माझे कान तापले. भाऊ कॅमेरा टेबलावर ठेवून पाणी प्यायला आत गेले. मी चकती एक खटका फिरवली. साठच्या पुढे.

एखादा फोटो बिघडेल, ते बघतील, चरफडतील, एवढंच माझ्या मनात होतं. पण ते चकतीकडे बघतच नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. फ्लॅश लावला की चकती साठवर, ती चाळीस वर्षं हललीच नव्हती. अख्खा रोल तसाच गेला.

नागपूरहून फोटो धुऊन आले. प्रत्येक फोटोत डावीकडे माझी मुलगी लख्ख उजेडात, आणि उजवीकडे जावई गायब. त्याचा नुसता गुडघा. मोबाईलमध्ये शंभर फोटो होते, पण व्याह्यांना हेच लागले. "आमचा पोरगा काय अंधारातला आहे का?" माझ्याच बैठकीत बसून ते म्हणाले.

आणि ज्या माणसानं ठाणेदाराचं नाक सोडलं नाही, त्यानं हात जोडले. "चुकलं, साहेब. माह्यानं चुकलं."

मी तिथेच होतो. मी चहा पुढे केला.

लग्न नीट झालं. पण हबीबभाऊंचं ओरडणं बंद झालं. दूधवाला गाडी त्यांच्या दारातच लावू लागला, त्यांनी तोंड उघडलं नाही. गल्ली खूश झाली. "म्हातारा सुधारला," असं लोक म्हणायचे, तेव्हा मला त्या लोकांचा संताप यायचा, आणि त्याहून जास्त माझा. तरी मी गप्प. गप्प बसण्यात मी पटाईत आहे.

यंदा मुलगी बाळंतपणाला आली. बाळ सव्वा महिन्याचं झालं तशी म्हणाली, "बाबा, भाऊंना बोलवा ना, फोटो काढायला." सकाळीच गेलो. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांचा उंबरा ओलांडला.

घरभर चिठ्ठ्या होत्या, मोठ्या मोठ्या अक्षरांत. शेगडीच्या वर 'बंद केला का'. कडीजवळ 'चाबी खिशात'. कॅलेंडरवर गेलेला प्रत्येक दिवस खोडलेला.

बाळाच्या फोटोचं सांगता सांगता मी थांबलो. "हे काय आहे, भाऊ?"

"अम्मीले अशाच लिहून देत होतो मी," ते हळू आवाजात म्हणाले. "तिले काई याद नाई राहे. आखरीले त मले डॉक्टरसाब म्हणे. आता माह्यं सुरू झालं, मास्तर. चाळीस साल जे नाई इसरलो, ते त्या दिवशी इसरलो. पोराचा फोटो नाई जमत आता. मोबाईलनं काढा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही विसरला नव्हता. चकती मी फिरवली."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. शिंक सांगितली, हसणं सांगितलं, खटका सांगितला.

ते उठले. मला वाटलं, मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दीड साल!" भिंती हादरल्या. "दीड साल मी रोज तीन-तीन खेपा उठून गॅस पाहून राह्यलो! पोरीले फोन करताना तिचं नाव पहिले कागदावर लिवतो! त्या माणसापुढं हात जोडले मी, आन तू तिथी चहा वाटून राह्यला होता? मास्तर आहे का कोण आहे बे तू?"

बाहेर गल्ली गोळा झाली. दूधवाल्यानं गाडी काढल्याचा आवाज आला. भाऊ ओरडत होते आणि चिठ्ठ्या ओरबाडत होते. शेगडीवरची फाडली, कडीजवळची फाडली, कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याच डोळ्यांनी ते माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते.

"पोराले उद्या आण," ते दम खात म्हणाले. "उजेड छतावर मारीन, सीधा नाई मारत लेकराच्या डोयात. आन तू कॅमेऱ्यापासून दहा हात दूर राह्यजो."

शेवटची चिठ्ठी पलंगाच्या उशाशी, भिंतीवर होती. ती फाडायला हात गेला आणि थांबला. मी वाचली: 'बाजूले मास्तर राह्यते. भला माणूस. काई इसरलो त त्याले इचारजो.'

मी मान खाली घातली. भाऊंनी खिशातून पेन काढलं आणि 'भला माणूस' ह्या दोन शब्दांवर इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला.

बाकीची चिठ्ठी त्यांनी तशीच ठेवली.