रिकामा पाळणा हलवायचा नाही

त्या रविवारी पिंपरीतली सर्वांत शांत खोली आमच्या क्वार्टरमध्ये होती, आणि ती मी बनवली होती! फुशारकी मारायचा माझा स्वभाव नाही. मी फिजिक्सची बी.एस्सी.; मोजल्याशिवाय बोलत नाही. पण आवाज म्हणजे हवेची थरथर आणि ही थरथर गोधडीत अडकते, एवढं शास्त्र मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी कॉलनीतल्या झाडून सगळ्या गोधड्या मागून आणल्या आणि चारी भिंतींवर, खिडकीवर, दारावर ठोकून टाकल्या. बाहेर रेल्वे गेली तरी आत मुंगी चालल्याइतकाच आवाज! खोली आतून एखाद्या मोठ्या कापसाच्या बोंडासारखी झाली होती.

हे सगळं आमच्या ह्यांच्यासाठी. दौलतराव एका ग्रामोफोन कंपनीत तबकड्या तयार करायचे. म्हणजे गाणारे शोधायचे, वाजवणारे शोधायचे, आणि ज्यांची सात जन्मांत गाठ पडली नसती अशांना एका मायक्रोफोनसमोर बसवायचं. लावणीला पियानो लावला तो ह्यांनी! कव्वालीत तुतारी घातली तीही ह्यांनीच. त्या तबकड्या आम्ही सोडून कोणी विकत घेतल्याचं ऐकिवात नाही. शेवटी कंपनीचे मोठे साहेब, नानासाहेब, ह्यांना म्हणाले, "दौलतराव, अजून एक तबकडी करा. ती चालण्यासारखी नसली, तर उद्यापासून तुम्ही सुयांच्या गोदामात."

ग्रामोफोनच्या सुया डब्यांत भरायच्या, एवढंच काम असतं तिथे. गाण्याचा संबंध नाही. त्या दिवसापासून ह्यांची झोप उडाली. आठवडाभर छताकडे बघत पडायचे.

आणि एका पहाटे ताडकन उठून म्हणाले, "अंगाई! सुमन, जगात अशी भाषा नाही जिच्यात अंगाई नाही!"

बेत खरोखरच छान होता. चिंचवड गावठाणातून आम्हाला दूध घालणाऱ्या छबूबाई पाळणा म्हणणार. पिंपरी कॅम्पातल्या चेतीबाई त्यांच्या सिंधमधली लोली गाणार. आणि देहूरोडच्या लष्करी बँडमधला मिंगेल, मूळ गोव्याचा, दोघींच्या मागे क्लॅरिनेट धरणार. एक कडवं हिचं, एक तिचं. तीन मिनिटांत तबकडीची एक बाजू भरायची.

कंपनीने तबकडी कोरायचं जुनं यंत्र दिलं होतं आणि कोऱ्या तबकड्या मोजून तीन. एकदा सुई टेकली की खोडरबर नाही!

छबूबाई आल्या, गोधड्यांकडे बघून म्हणाल्या, "काय ढेकूण झालं व्हतं का घरात?" मग त्यांची नजर पाळण्यावर गेली. वातावरणनिर्मितीसाठी ह्यांनी तो शेजारून आणला होता.

"लेकरू कुठं हाय?"

"लेकरू नाही, छबूबाई. नुसतं गायचंय."

"रिकामा पाळणा हलवायचा न्हाई!" त्यांनी पदर खोचला. "आन् ह्या घरात तर मुळीच न्हाई. नवी पोर हाय ही. हिचा पाळणा हलायचाय अजून."

मी म्हटलं, "छबूबाई, याला शास्त्रात काही आधार नाही."

"तुज्या शास्त्रात नसंल. माज्या पोटात हाय."

छबूबाई घरी जाऊन नातवाला, भैरूला, घेऊन आल्या. ह्यांनी हात वर केला, मी सुई टेकवली. छबूबाईंनी असा काही मऊ सूर लावला की माझ्या अंगावर काटा आला. चेतीबाईंचं कडवं त्याला येऊन मिळालं. मिंगेलची क्लॅरिनेट तर पायाच्या बोटांवर चालत होती. हे डोळे मिटून डोलत होते.

आणि निम्मी तबकडीही झाली नसेल, तोच छबूबाई ओळीच्या मध्येच थांबल्या.

"गा ना!" ह्यांनी खुणेने विनवलं.

छबूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पाळण्यात भैरू गाढ झोपला होता! चेतीबाईंनीही गाणं बंद केलं. मिंगेलने क्लॅरिनेट तोंडातून काढली. तिघंही चवड्यांवर चालत खोलीबाहेर गेले. यंत्र एकटंच शांतता कोरत राहिलं.

"अहो, गाणं अर्धं राहिलं!" हे बाहेर येऊन कळवळले.

"झोपलं न्हवं? मग आता कशापायी गायचं?" छबूबाईंना प्रश्नच कळेना. "गप बसा, उठंल त्यो."

"सही बात," चेतीबाईंनी मान डोलावली. "बच्चा सो गया, लोली ख़तम."

मिंगेल म्हणाला, "आमची माय पण तशीच करायची, साहेब."

तीन भाषा, तीन मुलूख, आणि ह्या एका मुद्द्यावर तिघांचं एकमत! सबंध कारकिर्दीत ह्यांना जे साधलं नव्हतं ते असं साधलं.

"न झोपणारं मूल पाहिजे," मी निष्कर्ष काढला.

"मेरी पोती!" चेतीबाई अभिमानाने म्हणाल्या. "पूरा कॅम्प जागता है उसके साथ! भगवान भी नहीं सुला सकता."

ती नात आली. आली म्हणजे आधी तिचा आवाज आला, मग ती. कारखान्याचा भोंगा तिच्यापुढे बासरी वाटावा! आम्ही खूश झालो. झोपलेल्या भैरूला कोपऱ्यात निजवलं, तिला पाळण्यात ठेवून जरा शांत केली, दुसरी तबकडी लावली, छबूबाईंनी तोंड उघडलं...

इथे माझ्या शास्त्राने घात केला. दारं-खिडक्या बंद. अंधूक उजेड. चहूकडून गोधड्यांची ऊब. बाहेरचा एक आवाज नाही. पिंपरीतली सर्वांत शांत खोली म्हणजेच पिंपरीतली सर्वांत झोप आणणारी खोली, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! छबूबाईंचं पहिलं कडवं संपायच्या आत कॅम्पाची तोफ थंड झाली. चेतीबाईंची पाळी आलीच नाही.

छबूबाई विजयी मुद्रेने गप्प झाल्या.

"यह क्या!" चेतीबाई उसळल्या. "मेरी पोती, और सुलाया किसने? इसने?" आणि काय होतंय हे कळायच्या आत त्यांनी नातीला गदागदा हलवून उठवलं. का, तर स्वतःची लोली गाऊन पुन्हा झोपवायला!

त्यानंतर यंत्राने जे कोरलं त्याला कोणत्याच भाषेत अंगाई म्हणत नाहीत.

नातीला तिची आई येऊन घेऊन गेली. भैरूही त्या किंकाळीने उठला, तो घरी गेला. आजूबाजूच्या आयांनी आपापली मुलं आत ओढून दारं लावली. उरली एक तबकडी आणि एक रिकामा पाळणा.

हे यंत्राशेजारी भिंतीला टेकून बसले. डोळे लाल, दाढी वाढलेली. "राहू द्या," म्हणाले. "सुयांशिवाय तबकडी वाजत नाही. तेही कामच आहे." आणि हसले. ते हसणं मला बघवेना.

छबूबाई त्यांच्याकडे निरखून बघत होत्या. "ताई, ह्यो निजतो का रातचा?"

"नाही हो. आठवडा झाला."

छबूबाईंनी चेतीबाईंकडे पाहिलं. मघाशी तोंड फिरवून बसलेल्या चेतीबाई हळूच म्हणाल्या, "यह भी तो किसी का बच्चा है."

झालं! दोघींनी मिळून ह्यांना एका गोधडीवर आडवं केलं. "अहो, मला यंत्र बघायचंय!" हे धडपडले.

"यंत्र मी बघते," मी म्हटलं. "तुम्ही झोपू नका म्हणजे झालं."

मिंगेल गालात हसला आणि त्याने क्लॅरिनेट ओठांना लावली. मी कानांवर हेडफोन चढवले, शेवटच्या तबकडीवर सुई टेकवली.

पाळण्यात बाळाचं नाव घालायचं असतं. छबूबाईंनी ते घातलं. "नीज रे दौलतबाळा, गाई परतल्या माळा..." चेतीबाईंनी लोलीत ह्यांना 'मुंहिंजो लाल', म्हणजे 'माझा लाल', म्हटलं आणि त्यांच्या केसांतून हात फिरवला. ह्या बाळाला आठवड्याची काळजी होती. ते लवकर झोपेना. त्यामुळे दोघींना आळीपाळीने गात राहावं लागलं, आणि गाता गाता हिच्या कडव्याची शेवटची ओळ ती उचलायला लागली, तिची ही. कुणाला भांडण आठवलं नाही. मी सुईकडे बघत होते. सुई मला नीट दिसत नव्हती, पण ती तिचं काम करत होती.

तबकडीच्या शेवटच्या वेढ्यांत ह्यांचे डोळे मिटले. दोघी तत्क्षणी थांबल्या, नियमाप्रमाणे. एकटा मिंगेल हलकेच वाजवत राहिला. आणि त्याच्या सुराखाली, अगदी षड्जावर, हे घोरू लागले!

मी सुई उचलायला हवी होती. हेडफोनमधून ऐकत राहिले, आणि नाही उचलली.

पुढच्या आठवड्यात मुंबईच्या कचेरीत नानासाहेबांनी ती तबकडी लावली. ह्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. नानासाहेबांनी शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, नानासाहेबही झोपले!

"दौलतराव," ते सावकाश म्हणाले, "गोदाम विसरा. ही तबकडी निघेल. पण एक सांगा. शेवटी क्लॅरिनेटखाली तो खर्ज कसला लावलात? काय भरदार! कुठलं वाद्य?"

ह्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! ते तर झोपले होते. त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"इकडचंच आहे," मी म्हटलं. "फार कमी लोकांनी ऐकलंय."

"त्याची स्वतंत्र तबकडी करा!" नानासाहेब गरजले.

परतीच्या गाडीत ह्यांना धीर निघेना. "असा वादक पिंपरीत आहे, आणि मला पत्ता नाही! तू कधी ऐकलंस त्याला?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"रोज बोलणार असते," मी म्हटलं, "पण तेव्हा तुम्ही झोपलेले असता."

हे विचारात पडले. गाडी खंडाळ्याचा घाट चढून गेली तरी विचारातच होते. लोणावळ्याला त्यांना डुलकी लागली, आणि चिंचवड येईपर्यंत आमच्या डब्यात दुसरं कोणीही झोपू शकलं नाही.