पिकपची जागा आणि माझी

गिटारचा आवाज सुधारायचा, एवढंच मी ठरवलं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्याला किंवा उत्तर दिशेला हात लावायचा माझा काडीचाही विचार नव्हता.

मी पारस. सांगलीत एका दूध संघाच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि आमच्या जैन मंदिराच्या संगीत मंडळात बेस गिटार वाजवतो. (क्लार्क आहे हे लोकांना दिसतं. वाजवतो हे मला सांगावं लागतं.) गिटार मेढ्याच्या धनाजीकडून घेतलेली. धनाजी तिकडच्या एका बेंजो पार्टीत होता. वरातीच्या टेम्पोवर दहा वर्षं उभं राहून त्या गिटारीनं गुलाल, धूळ आणि डिझेलचा धूर सगळं पचवलं, आणि माझ्याकडं येताना एक खोड घेऊन आली. स्पीकरला जोडली, की मी हात लावायच्या आधीच ती घूंऽऽऽ करायची.

यंदा दशलक्षण पर्वाच्या पूजेत माझे सासरे आदगोंडा पाटील पहिल्याच रांगेत बसले होते. सगळं मंदिर शांत झालं आणि ते मागं वळून म्हणाले, "कुणाची मोटर चालू ऱ्हायलीय, बघा रं." दोघंजण खरोखर उठून बोअरची मोटर बघून आले. माझी बायको रूपाली मंडळाची मुख्य गायिका. घरी येताना ती माझ्यापुढं दहा पावलं चालत होती.

त्याच दिवशी ठरवलं, पिकप बदलायचे. पिकप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली चुंबकाची पट्टी. तार हलली की ती तिचा आवाज उचलते आणि स्पीकरकडं धाडते. माझ्या गिटारीला असे दोन. नवे कुठले घ्यायचे यावर मी तीन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ बघितले. कुणी म्हणायचं याचा आवाज उबदार, कुणी म्हणायचं त्याचा लाकडी. मला सगळे सारखेच ऐकू यायचे, पण मान मी जाणकारासारखी हलवायचो. शेवटी दोन गुंडाळ्यांचे घेतले. त्यात म्हणे एका गुंडाळीची कुरकुर दुसरी गुंडाळी उलटी कुरकुरून खोडून काढते आणि बाहेर शांतता राहते. (हे आमच्या घरात का होत नाही, ते त्या व्हिडिओत नव्हतं.)

नवे पिकप जुन्या खड्ड्यांत बसेनात. म्हणजे नवे खड्डे कोरायचे, आणि त्यासाठी जागा ठरवायची. धनाजीला फोन केला. तो म्हणाला, गळ्याजवळ बसवलं की ढोल, घोडीजवळ, म्हंजे खाली तारा टेकत्यात तिथं, बसवलं की टणटण, मधी बसवलं की कायबी न्हाई. एवढ्या मोलाच्या सल्ल्यावर मी पुठ्ठ्याचे पिकप कापले आणि रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर जाऊन बसलो.

वरचा मजला नुकताच बांधून झाला होता. तिथं नवं स्वयंपाकघर होणार होतं. रूपालीनं अकरा वर्षं खालच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून चपात्या लाटल्या. वर मात्र पूर्वेला मोठी खिडकी, बाहेर शेवग्याचं झाड, आणि त्या खिडकीखाली ओटा. दोन वर्षं ती या ओट्याबद्दल बोलत होती. कडप्पा सोमवारी बसणार होता. त्याआधी फक्त तिच्या वडिलांनी दिशा बघून "हो" म्हणायचं होतं.

दिशा बघणं हे आदगोंडांचं खातं. आमच्या पाहुण्यारावळ्यांत चाळीस घरांचे ओटे त्यांच्या पितळी होकायंत्रानं बसवलेत. स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेलाच पाहिजे, आणि पूर्व म्हणजे यंत्र सांगेल ती.

मी गिटारीवर एक नवा पिकप ठेवून पेन्सिलीनं रेघ मारत होतो, तेवढ्यात जिन्यावर सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. मोटरीचं प्रकरण अजून ताजं होतं. गिटार दिसली तर परत तोच विषय निघणार, म्हणून मी ती झटकन दोन डब्यांवर टाकलेल्या फळीखाली सरकवली, वर सिमेंटचं रिकामं पोतं टाकलं आणि हातातला दुसरा पिकप शर्टाच्या खिशात खुपसला. लांबून कंगवाच वाटला असता.

सासरे आले, मागोमाग रूपाली आणि गवंडी तात्याबा. सासऱ्यांनी हात जोडून होकायंत्र नेमकं त्याच फळीवर ठेवलं. सुई हलली, थांबली. त्यांनी दाराकडं बोट केलं. पूर्व तिकडं, म्हणाले. ओटा दाराला लावून घ्यायचा.

तात्याबानं हिशोब केला, की मग आत शिरायला एक फूट जागा राहील. अंग चोरून यायचं, त्यात काय, असं सासरे म्हणाले.

रूपालीचा चेहरा एवढासा झाला. ती हळूच म्हणाली, "अण्णा, रोज सकाळी ऊन या खिडकीतनं येतंय."

"ऊन यील गं. सूर्य सहा महिन्यानं सरकतोय, सुई सरकत न्हाई."

वडिलांपुढं ती कधीच दुसरं वाक्य बोलत नाही. खिडकीकडं बघत उभी राहिली. मला फळीखालचं चुंबक आठवलं. तिचा ओटा माझ्या गिटारीनं पळवला होता. कबूल करावं तर चाळीस ओटे बसवणाऱ्या माणसाला गवंड्यासमोर खोटं पाडायचं, आणि वर गिटार बाहेर काढायची. मी मधला रस्ता काढला. (मधला रस्ता काढला की माझं वाटोळं ठरलेलं असतं.) म्हणालो, आवं अण्णा, एकदा खिडकीपाशी जमिनीवर ठेवून बघूया का.

त्यांनी ठेवलं. सुई आता बरोबर दाखवते का, हे बघायला मी वाकलो. सुई गर्रकन माझ्याकडं वळली.

सासरे म्हणाले, जरा बाजूला व्हा. मी डावीकडं सरकलो. सुई डावीकडं आली. उजवीकडं गेलो, उजवीकडं आली. त्यांनी मला यंत्राभोवती एक पूर्ण फेरी मारायला लावली. सुईनंही पूर्ण फेरी मारली. तात्याबानं डोक्यावरची टोपी काढली.

"पावणं," सासरे अगदी हळू आवाजात म्हणाले, "उत्तर तुमच्या मागनं फिरतीय."

माझा हात छातीवर गेला आणि खिशातली पट्टी हाताला लागली. आता सगळं उलगडलं. सांगायला तोंड उघडलं, आणि बघितलं तर सासरे माझ्याकडं आदरानं बघत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी तोंड मिटलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू, पण बरंही फार वाटलं.

मग त्यांनीच तोड काढली. उत्तर पावण्यांकडं वळत असेल, तर पावण्यांनाच उत्तरेला बसवायचं. दोन तास ते मला खोलीभर सरकवत होते, मी सकाळी पुठ्ठा सरकवत होतो तसंच. उत्तरेच्या भिंतीपाशी, शिंकाळ्याच्या हुकाखाली मी मांडी घातली तेव्हा सुई आणि सूर्य यांचं एकमत झालं. ओटा खिडकीखाली मंजूर झाला. तात्याबानं लाल ऑइलपेंटनं माझ्याखाली गोल काढला. स्वयंपाक चालू असेपर्यंत पावण्यांनी हितनं हलायचं न्हाई, असं सासऱ्यांनी बजावलं. रूपाली हसली. त्या हसण्यासाठी मी ध्रुवावरसुद्धा जाऊन बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी खिशात पिकप नव्हता. शर्ट धुऊन दोरीवर होता. विचारणार कुणाला? विचारलं की सगळंच बाहेर येणार. मग एकच पिकप गळ्याजवळ बसवला आणि दुसऱ्या खड्ड्यावर पुठ्ठा चिकटवला.

आमच्याकडं सूर्यास्ताच्या आत जेवण. म्हणजे साडेपाचला ऑफिसातून आलो की सरळ गोलात. नुसतं बसून काय करायचं म्हणून रूपालीनं गवार निवडायला दिली. मग कोथिंबीर, मग खोबरं किसायला. सासरे रोज फोन करून विचारायचे, पावणं जागंवर हायत का. गिटार वाजवायला वेळच उरेना.

दिवाळीआधी एकदा ती म्हणाली, जरा फळीवरनं मोहरी द्या. मी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि चुकून मेथ्यांचा डबा उघडला. मेथ्यांच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून, माझा पिकप.

रूपालीनं मागं वळूनही बघितलं नाही. चपाती उलटत म्हणाली, "पहिल्याच दिवशी सापडला, शर्ट भिजवताना. अण्णांना सांगू?"

"नको."

"मग बसा. एवढी गवार झाली की देते."

ती गवार झाली. त्यानंतर घेवडा झाला. सध्या सोलाणे चालू आहेत. गिटारीवरचा पुठ्ठा अजून तसाच आहे, आणि माझ्या गोलाला मात्र दिवाळीत रंगाचा दुसरा हात दिलाय.