हरणाबाईचा तुकडा आणि शाल-श्रीफळ

सत्कारातून एकही माणूस सुटू द्यायचा नाही, ही कला कळंब तालुक्यात फक्त मला येते. वीस वर्षं सूत्रसंचालन करतोय, एकही रुसवा नाही! त्यामुळे हिंदी सिनेमाचे लाडके दिग्दर्शक हरबंस लांबा वारले, तेव्हा त्यांची स्मृतिसंध्या माझ्याशिवाय कोण करणार होतं?

शिवाय घरचं नातं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लांबासाहेबांनी पहिला सिनेमा येडशी स्टेशनवर काढला, आणि त्यात माझ्या आईनं, हरणाबाईनं, नायकाला पाणी पाजलं होतं. सिनेमा सपशेल पडला. पुढं साहेबांचं देशभर नाव झालं, पण हा सिनेमा कुणीच जपला नाही. टीव्हीवर नाही, मोबाईलवर नाही. एकच प्रत उरली होती, ढोकीच्या कल्याणप्पांच्या पत्र्याच्या पेटीत. त्यांचा पूर्वी जत्रेत तंबूचा सिनेमा असायचा. पण आईच्या सासऱ्यांनी तिला त्या तंबूत कधी जाऊ दिलं नाही.

"एकदा बघते रं, म्या कशी दिसत हुते," एवढंच ती म्हणायची.

"मग नुसता सिनेमाच दाखवा की," माझी बायको शुभांगी म्हणाली. "सत्कार कशाला?"

"अगं, सत्काराशिवाय माणसं येतील का?"

आली! मंगल कार्यालय भरलं. सरपंचांना शाल दिली, तर माजी सरपंचांचं तोंड फुगलं. त्यांना दिली, तर भावी सरपंच उठून चालायला लागले! शेवटी मंडपवाला, चहावाला आणि एसटी चुकली म्हणून आत येऊन बसलेला एक गृहस्थ, सगळ्यांना शाल-श्रीफळ झालं. लांबासाहेबांच्या फोटोला मात्र हार उरला नाही. तो माजी सरपंचांच्या गळ्यात होता.

दीड तासानं कल्याणप्पांनी आपल्या जुन्या मशीनवर सिनेमा सुरू केला. आई पहिल्या रांगेत, नवा चष्मा लावून. पडद्यावर येडशी स्टेशन आलं, आणि नेमके त्याच वेळी प्रमुख पाहुणे इंद्रजितराव दारातून आले!

"चालू द्या, चालू द्या," म्हणत ते पडद्यापुढंच उभे राहिले. मी शाल घातली. त्यांनी सहज विचारलं, "मशीनवाल्यांचा सत्कार झाला का?"

तेवढेच राहिले होते! वीस वर्षांचा लौकिक!

"कल्याणप्पा, या इकडं!"

"मशीन सोडून कसं येऊ? फिल्मची पट्टी जुनी हाय, अडकंल!"

"दोन मिनिटं हो! पाहुणे थांबलेत!"

आले बिचारे. फेटा काही बसेना. मागून शुभांगी किंचाळली, "अहो, बाजूला व्हा!" आम्हाला वाटलं, पडद्याजवळ उभ्या फोटोग्राफरला अडचण होतेय. म्हणून आम्ही सगळे सरकून थेट आईच्या पुढ्यात आलो.

मग जळका वास आला. पट्टी दिव्यापुढं अडकून वितळली होती. कल्याणप्पा धावत पोचेपर्यंत ती चाकात गुंतून फाटली. पडदा पांढराफटक.

कल्याणप्पांनी फेटा काढून माझ्यापुढं आपटला. "हरणाबाईचाच तुकडा गेला, रामहरी. आता न्हाय जुळायचा."

लोक जेवणाकडं पळाले. इंद्रजितरावांनी उरलेली शाल आईच्या खांद्यावर टाकली, वर फोटोही काढून घेतला! आईनं शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि मला जवळ बोलावलं.

"मला नुसत्या तुमच्या पाठी दिसल्या रं. तू तर म्होरंच हुतास. सांग की, कशी दिसत हुते म्या?"

काय सांगणार, कपाळ! मी तेव्हा फोटोग्राफरकडं बघून हसत होतो.