दहापैकी नऊ

क्लोव्हर स्ट्रीटच्या बरोबर मधून हद्द गेली होती. रस्त्याच्या डाव्या अंगाच्या घरांतली पोरं मेपल रिजच्या शाळेत जात, उजव्या अंगाची लोअर क्रीकच्या. अंतर म्हणाल तर दोन पदपथ आणि मधली पिवळी रेघ, एवढंच. पण इंटरनेटवर मेपल रिजला दहापैकी नऊ गुण होते आणि लोअर क्रीकला चार, त्यामुळे रोशेल टॉलिव्हरला ती पिवळी रेघ तांबड्या समुद्राएवढी रुंद दिसू लागली होती.

तिची जुळी पोरं, एझ्रा आणि नेओमी, ऑगस्टमध्ये शाळेत बसणार होती. त्याआधी डेटन शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या सोडून कुठंतरी अंगण असलेल्या घरात जायचं, एवढं नवरा-बायकोचं ठरलं होतं. क्लोव्हर स्ट्रीटवर भाड्यानं द्यायची दोन घरं समोरासमोर निघाली. डावीकडच्या घराच्या तळघरात ओल होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गॅरेजची भिंत दिसे. उजवीकडच्या घराला ऐसपैस ओटा होता आणि मागं नाशपातीचं झाड. तिच्या नवऱ्यानं, क्लीव्हनं, त्या झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही. क्लीव्ह शहराच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. गोष्ट चांगली आहे की नाही हे हात लावून कळतं, असा त्याचा विश्वास होता.

डाव्या घराच्या मालकानं स्पष्टच सांगितलं होतं, की रांगेत दुसरं एक कुटुंब उभं आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत हो म्हणा, नाहीतर घर त्यांना. उजव्या घराची मालकीणही शुक्रवारच्या पुढं थांबणार नव्हती; आधी हो म्हणेल त्याचं घर.

झालं. रोशेलच्या जिवाला घोर लागला. ती दातांच्या दवाखान्यात दात साफ करण्याचं काम करायची. मेपल रिजकडचा पेशंट खुर्चीत आडवा झाला, की तिच्या तोंडून पहिला प्रश्न शाळेचाच. पण तोपर्यंत त्याच्या तोंडात आरसा आणि पाण्याची नळी गेलेली असे. आठवडाभरात सात जणांनी तिला "आं" असं उत्तर दिलं. त्यातले चार "आं" तिला बरे वाटले, दोन संशयास्पद. सातव्याचा अर्थ ती अजून लावत होती.

"अगं, पोरांना अजून बुटाचे बंद बांधता येत नाहीत," क्लीव्ह म्हणाला, "आणि तू त्यांच्या कॉलेजात जाऊन बसलीस."

"तुला नाशपाती दिसतात. मला पोरं दिसतात."

यावर क्लीव्ह भांडी घासायला उठला. बारा वर्षांच्या संसारात कुठं थांबायचं हे त्याला हात न लावताही कळत असे.

रविवारी चर्चमध्ये रेव्हरंड गॅदर्स उभे राहिले, आणि नेमका विषय कोणता, तर बायबलातला लोट. अब्राहामानं पुतण्याला म्हटलं, बाबा रे, तू डावीकडे जा, मी उजवीकडे जातो, नाहीतर उलट. लोटानं नजर वर केली, हिरवंगार खोरं पाहिलं आणि तंबू तिकडं, एका पापी शहराच्या शेजारी हलवला. रेव्हरंड सुरुवातीला बोलत होते. मग बोलता बोलता शब्दांना सूर चढला, ऑर्गननं प्रत्येक ओळीच्या शेवटी हुंकार दिला, आणि "लोटानं खोरं पाहिलं, पण शेजार पाहिला नाही" ही ओळ तिसऱ्यांदा आली तेव्हा ते प्रवचन उरलंच नव्हतं, नुसतं गाणं होतं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या "सांगा, रेव्हरंड, सांगा" म्हणत डोलत होत्या. असं प्रवचन ऐकताना दगडालाही घाम फुटावा. रोशेलच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनही तिनं हिशेब लावला, की हिरवंगार खोरं म्हणजे नक्की नऊ गुण की नाशपातीचं झाड? रेव्हरंडांनी तेवढं मोघम ठेवलं होतं.

सोमवारी दवाखान्यातल्या मैत्रिणीनं सल्ला दिला, की शाळेची पारख करायची तर ती सुटताना बघ. भरताना सगळ्याच शाळा देवळासारख्या दिसतात. रोशेलला हे पटलं. पण दवाखान्यातून सुटका झाली ती एकदम शुक्रवारी, दुपारी अडीचला.

चर्चच्या बायका दर शुक्रवारी मासे तळून विकत. सकाळी ऑर्डर द्यायची, ठळक नंबर लिहिलेला पिवळा पुठ्ठा घ्यायचा, तो गाडीच्या काचेत अडकवायचा आणि संध्याकाळी जाताना ताटं उचलायची. रोशेलचा नंबर होता एकशे अठरा. पुठ्ठा काचेत होता. मेपल रिजच्या शाळेतही पोरांना न्यायला येणाऱ्या गाड्यांना नंबराचे पिवळे पुठ्ठे देतात, हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मेपल रिजच्या शाळेपाशी पोचल्यावर गाडी लावायची जागा समजून ती एका फाटकातून आत वळली, आणि शाळेच्या गाड्यांच्या रांगेत सापडली. एका बाजूला उंच कठडा, दुसऱ्या बाजूला नारिंगी शंकू, पुढं तीस गाड्या. मागं वळून बघेपर्यंत मागं वीस. रांग दर्शनाच्या बारीसारखी हळूहळू सरकत होती. फरक एवढाच, की दर्शनाच्या बारीतून कंटाळलेला माणूस दोरीखालून निघून जाऊ शकतो.

हातात वॉकीटॉकी घेतलेली एक तरुण बाई गाड्यांचे नंबर वाचत आली. रोशेलनं काच खाली करेपर्यंत ती "एकशे अठरा" म्हणून मागच्या गाडीकडे गेलीसुद्धा. रोशेलनं दार उघडून एक पाय बाहेर टाकला. लगेच शिट्टी वाजली.

"मॅडम, गाडीतून उतरायचं नाही. पोरांच्या सुरक्षेसाठी नियम आहे."

रोशेलनं पाय आत घेतला. शिस्त आहे हो, तिनं मनातल्या मनात मेपल रिजला एक गुण दिला. पाच मिनिटांनी एका शिक्षिकेनं तिच्या गाडीचं मागचं दार उघडलं, आणि दोन वेण्या घातलेली सहा वर्षांची एक मुलगी नेओमीच्या जागेवर चढून बसली.

"अहो, थांबा, ही मुलगी माझी नाही," रोशेल म्हणाली.

"शुक्रवारी सगळ्याच आया असं म्हणतात," शिक्षिका हसून म्हणाली, मुलीचा पट्टा नीट लावला, आणि दार लावून तिनं पुढं चला असा हात केला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

मुलीचं नाव आयव्ही. रोशेलच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण आयव्ही अगदी निवांत होती. आज न्यायला नवीन मावशी येणार असं आईनं तिला सांगून ठेवलं होतं. ही नवीन होती आणि मावशीसारखी दिसत होती. बाहेरच्या फाटकानं गाडीला थेट मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडलं. रोशेलच्या डोळ्यांपुढं पोलिसाचा दिवा नाचू लागला. आपल्यासारखी काळी बाई, नऊ गुणांचं गाव आणि मागच्या सीटवर लोकांची गोरी पोर. समजावून सांगायला सुरुवात तरी कुठून करायची? तिनं "येशू, येशू" म्हणत पहिल्या वळणावर गाडी फिरवली आणि शाळेच्या मुख्य दारापाशी आणली. दार कुलूपबंद. वर पाटी: शाळा सुटण्याच्या वेळी सर्व कामं गाड्यांच्या रांगेतूनच.

म्हणून ती पुन्हा रांगेत लागली.

या खेपेला वॉकीटॉकीवाल्या बाईनं नंबर वाचला आणि कपाळाला हात लावला. "एकशे अठरा परत आल्या," ती यंत्रात बोलली. "धाकट्याला विसरलो आपण."

रोशेल काचेतून हातवारे करून सांगत होती, की न्यायचं नाहीये, द्यायचंय. बाईनंही तितक्याच आपुलकीनं हातवारे करून सांगितलं, की समजलं, समजलं, आमचीच चूक. मागचं दार उघडलं. एका गृहस्थानं, वेस्ली बाथरूममध्ये होता, माफ करा, असं म्हणत पाच वर्षांचा एक मुलगा पट्टा लावून एझ्राच्या जागेवर बसवला, आणि रोशेलचं वाक्य पुरं व्हायच्या आत दार लावलं. एक पोर परत करायला गेलेली बाई दोन घेऊन बाहेर पडली. तिसऱ्यांदा रांगेत लागायचा तिला धीर होईना. तिसऱ्या खेपेला मुख्याध्यापकच दिले असते.

तिनं सार्वजनिक वाचनालयाच्या आवारात गाडी थांबवली आणि आयव्हीला आईचा फोन नंबर विचारला. आयव्हीनं तो चाल लावून गाऊन दाखवला. शाळेत तसाच पाठ करून घेतला होता. वेस्लीनं शेवटच्या दोन आकड्यांवर ठेका धरला. एरवी रोशेल अशा गाण्यावर जीव ओवाळून टाकती. आता तिनं नुसता नंबर फिरवला.

पलीकडून जोलीन प्रुइट नावाची बाई आधी किंचाळली, मग रडली, मग तिनं देवाचे आभार मानले, आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "ताई, एक करा. शाळेच्या ऑफिसात कळवू नका. मी येतेच."

वीस मिनिटांत ती आली. किराणा दुकानाच्या बेकरी विभागातून तशीच निघालेली, बाह्यांना पीठ. न्यायला येणाऱ्या मामेबहिणीची गाडी वाटेत बंद पडली होती. पोरांना उराशी धरून तिनं काचेतला आपल्याच नंबराचा पिवळा पुठ्ठा पाहिला, आणि रोशेलनं तो माशांचा आहे हे सांगितलं तेव्हा हसता हसता तिचं हसू मधेच मावळलं.

शाळेला का कळवायचं नाही, हे रोशेलनं विचारलं नव्हतं. जोलीननंच सांगितलं. ती राहायला लोअर क्रीकच्या हद्दीत. मेपल रिजच्या शाळेत तिनं स्वतःच्या आईचा पत्ता लावला होता. शाळेनं खोदून चौकशी केली, की दोघांची नावं कमी होणार.

"आयव्ही, आपण कुठं राहतो गं?" तिनं कडवट हसून विचारलं.

आयव्हीनं आजीचा पत्ता खडाखडा म्हणून दाखवला.

"आणि खरं घर?"

"ते सांगायचं नसतं," आयव्ही म्हणाली, आणि ओठांवर बोट ठेवलं. वेस्लीनंही ठेवलं.

आता समोर मेपल रिजची खरीखुरी आई उभी होती, तोंडात नळी नसलेली. शाळा कशी आहे, रोशेलनं विचारून घेतलं. जोलीन म्हणाली, नऊच आहे बाई, खोटं कशाला बोलू. आणि लोअर क्रीकची? ती मात्र जोलीननं आतून कधी पाहिली नव्हती. चार म्हटल्यावर कोण बघायला जातं?

"पण आता सुटेन या खोटेपणातून," ती म्हणाली. "आमचं घर महिनाअखेरीला सोडायचंय. क्लोव्हर स्ट्रीटवर डाव्या बाजूला एक मिळण्यासारखं आहे. आमच्या आधी एक मंडळी आहेत. त्यांनी सहापर्यंत नाही म्हटलं, तर ते आमचं. मग पोरांनी खरं सांगितलं तरी चालेल."

रोशेलनं "देव बरं करेल" एवढंच म्हटलं आणि गाडी सुरू केली. त्या मंडळींना ती चांगली ओळखत होती.

घरी येईपर्यंत तिचं मन डावी-उजवी करून थकलं. ओठांवर बोट ठेवलेली दोन पोरं काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात. पावणेसहाला तिनं डाव्या घराच्या मालकाला फोन केला आणि सांगितलं, की आमचं नाही, त्या दुसऱ्या मंडळींना द्या. फोन ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास आला. तिनं कारण सांगितलं नाही. क्लीव्हनंही विचारलं नाही. तो ताटलीत मासे वाढता वाढता झोपाळा कुठल्या फांदीला बांधायचा ते पोरांना सांगू लागला. रविवारची चाल गुणगुणत रोशेलनं उजव्या घराच्या मालकिणीला फोन लावला.

मालकीण हळहळली. तासाभरापूर्वीच घर गेलं म्हणाली. एका बाईनं वाचनालयातून फोन करून तडकाफडकी ठरवून टाकलं.

रोशेलनं वर पाहिलं. घड्याळात सहाला चार मिनिटं होती. तिनं पुन्हा डाव्या घराच्या मालकाचा नंबर फिरवला. तो बिचारा चक्रावला होता. तुम्ही नाही म्हणालात म्हणून त्या बाईंना फोन केला, तर त्याही म्हणतात आता नको. हवंय का तुम्हाला अजून? असेल तर सहा वाजायच्या आत हो म्हणा.

रोशेल हो म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं जवळ काही उरलंच नव्हतं.

क्लीव्हला झाडाचं वाईट वाटलं, पण त्याहून नवल वाटलं. त्यानं स्वतःच उजव्या घराच्या मालकिणीला फोन केला, निदान कोण शेजारी येतंय ते कळावं म्हणून. बोलणं बराच वेळ चाललं. फोन ठेवून तो रोशेलसमोर येऊन बसला.

"मेपल रिजला पोरं ठेवायचीच नाहीत म्हणते ती बाई. लोअर क्रीकला घालणार आहे. आज म्हणे त्या नऊवाल्या शाळेनं तिची दोन्ही पोरं उचलून भलत्याच बाईच्या गाडीत बसवून दिली. एकदा नाही, दोनदा." त्यानं मान हलवली. "आणि तिथं आपण आपली पोरं घालायची? रोश, तू एवढी चौकशी केलीस, हे नाही कळलं तुला?"

रोशेल माशाचे काटे काढत होती. एझ्राच्या ताटलीतले झाले, मग तिनं नेओमीची ताटली पुढं ओढली.

"पोरांचे पट्टे मात्र नीट लावतात ते," ती म्हणाली.

"तुला गं काय माहीत?"