यशपालचा पंप आणि विठाबाईंचे मासे

ऐका की, आपला यशपाल लई कामाचा माणूस, पण काम कुणी सांगितलेलं नसलं की जास्तच जोरात करतो. त्या बुधवारी सकाळी त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिलं, 'संध्याकाळपर्यंत डास संपले समजा!'

त्याच्या डोक्यात सगळं सोपं होतं. डास राहतात कुठं? गवतात. सोसायटीत गवत कुठं? मधल्या सतरंजीएवढ्या लॉनवर. मारा औषध, विषय संपला! तिथं पोरं लोळतात म्हणून मीटिंगमध्येच औषधाला बंदी घातलेली, तसा बोर्डही लावलेला. यशपालनं काय केलं? बोर्ड खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर पिशवी घातली.

बार्शीच्या मामाचा द्राक्षबागेतला पंप पाठीला, आईची ओढणी तोंडाला. अंतराळात निघालेल्या माणसाची रिक्षा चुकावी, तसा दिसत होता गडी! अर्ध्या तासात लॉन चिंब. आता पंप धुवायचा कुठं? नळाला पाणी दर पाचव्या दिवशी, म्हणजे आता उद्या. घरातलं पिंप अंघोळीचं, आणि बाहेर भरलेला होता तो फक्त शेजारच्या विठाबाईंचा हौद. यशपालनं काठावरच पंप खळखळून धुतला. थोडं पाणी बाहेर गेलं, बाकीचं हौदात.

आणि हौदात होते गप्पी मासे. गेल्या वर्षी विठाबाईंच्या नातीला, आरोहीला, डेंग्यू झाला. पोरगी आठ दिवस दवाखान्यात होती. तेव्हापासून म्हातारी मासे वाढवायची आणि घरोघरी पिंपात सोडायची, डासांच्या अळ्या खायला. एकट्या यशपालनं घेतले नव्हते. माशांच्या पाण्यानं अंघोळ कोण करणार, म्हणाला होता.

दुपारी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. यशपालला वाटलं, आता विठाबाई सोसायटी डोक्यावर घेणार. पण त्या चहाच्या गाळणीनं एकेक मासा काढत राहिल्या. शेवटी एवढंच बोलल्या, "आता आरूला राखण कोण रं, बाळा?"

शिव्या परवडल्या असत्या.

तेवढ्यात आरोग्य खात्याच्या कीर्तीताई बॅटरी घेऊन पाणी तपासायला आल्या. घरोघरची पिंपं स्वच्छ. एकाच पिंपात अळ्या अशा वळवळत होत्या, जशी वरातीत नाचणारी पोरं.

"हे पिंप कुणाचं?"

सकाळी डास संपवणारा माणूस खाली बघत म्हणाला, "माझं."

विठाबाईंनी शेजारच्या पिंपातनं चार मासे बरणीत आणले. यशपाल लगबगीनं म्हणाला, हौद घासून देतो, मग तिथंच सोडू.

"हौदाचं बघू मागनं. ह्ये तुज्या पिंपात सोड आदी."

हौद त्यानं तीनदा घासला. पोरं मात्र अजून लॉनच्या कडेला उभी असतात. आरोही रोज विचारते, "दादा, आज जाऊ का आत?" रोज तो नाही म्हणतो. ग्रुपवरचा मेसेज पुसायला गेला, तर पुसायची मुदत संपलेली.

आणि अंघोळीला पिंपात तांब्या बुडवण्याआधी माशांना हळूच म्हणतो, "सरका जरा."